नव्या छापातला राखणदार

४ डिसेंबर १९११, गुंद

पोचलो एकदाचा. बेळगावाहून लोंढ्यापर्यंत आगगाडी आणि पुढे परशूच्या बैलगाडीतून जगलबेट, सुपे, जोयडा करीत इथवर. हाडे खिळखिळी झाली, तरी मन प्रसन्न आहे. सुप्याला काळी नदी ओलांडताना तळाचे गोटे स्वच्छ दिसत होते. जोयड्याच्या पुढे रस्ता म्हणजे दोन्हीकडून बांबू वाकून झालेली बोळ. एका वळणावर गव्यांचा कळप आडवा उभा राहिला, तेव्हा परशूने बैल थांबवले आणि गवे जाईपर्यंत तंबाखू मळून घेतली. माणूस शांत आहे. मला असली माणसे आवडतात, कारण मी स्वतः तसा नाही.

वही नवी आहे, तेव्हा रीतसर लिहितो. मी पुंडलिक चितारी, बेळगावच्या कृष्णाशेटच्या शिळाछापखान्यात दगडावर चित्रे काढतो. दिल्लीदरबाराच्या रंगीत चित्रांचे काम तोंडावर असताना शेटने मला उचलून या रानात धाडला. का, तर कौलाची पाने.

या डोंगरी मुलुखात पेरणी असो, सोयरीक असो की घराचा पाया, लोक आधी कौलाची पाने लावून विचारतात. अठ्ठेचाळीस पानांचा जोड; त्यात नांगर, विहीर, वाघ, पालखी, होडी अशी चित्रे. आमच्या आज्यांच्या काळचा जुना छाप वाळवीने खाऊन संपत आला आणि तो छापणारा छापखानाही बुडाला. शेटने हे हेरून नवा छाप काढला. त्यातले एकूण एक चित्र माझ्या हातचे. दसऱ्याला पाचशे जोड बाहेर पडले आणि दिवाळीनंतर परत येऊ लागले. पाने चालत नाहीत म्हणे. चालायला ती काय बैल आहेत? सगळी ओरड या बाजूची, म्हणून शेट म्हणाला, गुंदच्या बुधवंताकडे जुन्या छापाचा अखंड जोड आहे, तो नव्याच्या शेजारी ठेवून बघ काय चुकले. चुकले म्हणे. माझे.

तर नव्या छापाचे दहा जोड, आरसा, खडू, खरवडणी आणि भिंग घेऊन आलो आहे. भिंग केवळ लोकांना दाखवायला. तांदळाच्या दाण्यावर मी तुळशीवृंदावन काढले आहे ते नुसत्या नजरेने. आमच्या घरी शेत नाही, दुकान नाही. माझे डोळे आहेत, त्यांच्यावर घर चालते.

येसाजी बुधवंत, म्हणजे या गावचा मुख्य, भुवया जाड आणि बोलणे थोडके. विधुर आहे, घर त्याची थोरली बहीण तुळजाक्का सांभाळते. जेवायला भात, रानातल्या कंदाची भाजी आणि लाल मुंग्यांची चटणी. डोळ्यांतून पाणी काढले चटणीने, पण मी ती दुसऱ्यांदा मागून घेतली. दोन दिवसांत यांची तोंडे बंद करून परत जातो.

५ डिसेंबर

सकाळी ओसरीवर उजेड उत्तम येतो. पोते अंथरून डावीकडे जुना छाप, उजवीकडे नवा, असे पानास पान लावले.

जुना छाप जाड, हाती बनवलेल्या कागदावर. काळी रेघ दगडाची, रंग मागून हाताने भरलेले. हळद, गेरू आणि नीळ याखेरीज चौथा रंग नाही. रंग जागोजागी रेघेबाहेर सांडलेला. वाघाच्या एका पंजाला नखे सहा. होडीवाल्याचा उजवा हात डाव्यापेक्षा आखूड. विहिरीचे तोंड असे वाकडे की तिच्यात पाणी राहणार नाही. रेघेला मात्र जोर आहे, तो मी नाकारत नाही. नवा छाप गुळगुळीत विलायती कागदावर, चार दगड, चार रंग, केसभर इकडेतिकडे नाही. नखे मी नीट केली, हात सरळ केला, विहिरीत पाणी राहील अशी सोय केली. कुठल्याही शहाण्या माणसाने दोन्ही शेजारी पाहावे आणि सांगावे, कोणता चांगला.

शेवटी राखणदाराचे पान लावले. झाडाखाली बसलेला म्हातारा, खांद्यावर कांबळे, मांडीवर आडवी काठी. जुन्या छापात त्याच्या डोळ्यांच्या जागी दोन पांढऱ्या फटी आहेत, बुबुळे काढलेलीच नाहीत. मी ती काढली. त्या दगडावरचे शेवटचे काम तेच होते आणि अख्ख्या जोडात तेवढे डोळे जिवंत आहेत, असे मारुतीही म्हणाला होता. मारुती म्हणजे आमचा हातदाबावरचा छापणारा, सहसा कुणाला चांगले म्हणत नाही.

येसाजीने ते पान पाहिले मात्र आणि पालथे घातले. "ह्येचे डोळे कुनी उघडले?" असे विचारले, जसा काही मी कोणाच्या घरी चोरी केली. मी म्हणालो, मी. जुना चितारी विसरला असेल, नाहीतर आळशी असेल, त्याचे अपुरे काम मी पुरे केले. यावर तो भडकला, आणि मी त्याहून भडकलो. तुळजाक्काने मध्ये ताक आणून ठेवले म्हणून थांबलो.

मग कळले ते असे. विचारता विचारता राखणदाराचे पान निघाले की त्या दिवशीचे विचारणे संपले. पुढे माणसाने विचारायचे नाही. येसाजी म्हणाला, "राखण बसली की आमी पानं गुंडाळतो. तुमच्या पानांत राखण बसतच न्हाई." पान निघत नाही, म्हणून लोक विचारत राहतात आणि पाने उत्तरे देत राहतात. गेल्या महिन्यात कान्हू नावाच्या एकाने सकाळपासून दिवेलागणीपर्यंत विचारले. त्याचे पुढे काय झाले ते येसाजीने सांगितले नाही.

माझा बाप खानापुरात गणपती करायचा. मूर्तीचे डोळे सर्वांत शेवटी लिहायचे, समोर आरसा धरून लिहायचे, म्हणजे मूर्तीची पहिली नजर आरशात तिची तिच्यावरच पडते, माणसावर पडत नाही. हे मीही पाहिले आहे, मला शिकवू नये. पण ती मूर्ती आणि हा कागद. छापखान्यात सोवळे पाळत बसलो तर रुळावरची शाई वाळून जाईल.

६ डिसेंबर

आज त्यांना पुरावा द्यायचा म्हणून सगळ्यांसमोर बसलो. येसाजी, तुळजाक्का, परशू आणि शेजारचा झिलू, जो लांबच्या गावांना निरोप पोचवायला पळतो. नव्या छापाचा एक जोड फोडला, पिसला, एकेक पान उलटत गेलो. राखणदार सर्वांत शेवटी निघाला.

योगायोग. पुन्हा पिसला. पुन्हा शेवटी.

परशूला पिसायला दिला. शेवटी. मग मी ते पान उघड उघड सर्वांत वर ठेवले, जोड तीनदा कापला आणि वाटत गेलो. नांगर, सर्प, पालखी, होडी, चूल, सगळे आले आणि गेले, आणि तळाला तोच, माझ्याकडे बघत. दुसरा जोड फोडला, तिसरा फोडला. तेच. जुन्या जोडात मात्र कधी पाचवे, कधी विसावे, जसे निघायला हवे तसे निघत होते.

परशूने दोन्ही तळवे पायांखाली घालून ठेवले होते, पाने पुन्हा हातात देतील म्हणून. मी त्याला फाडफाड बोललो. विलायती कागद गुळगुळीत असतो, या पानावर काळी शाई जास्त आहे, जड पान तळाला जाते, हे शेंबड्या पोराला कळेल. येसाजी जुनी पाने गोळा करत राहिला. त्याने उलट काही म्हटले असते तर बरे वाटले असते.

७ डिसेंबर

परशू उद्या मीठ आणायला लोंढ्याला निघतो. त्याच्याबरोबर शेटला पत्र धाडतो आहे. लिहिले ते असे, की दोन्ही छाप पानास पान ताडून पाहिले, नव्यात एका रेघेचाही दोष नाही, दोष लोकांच्या डोक्यात आहे. दरबाराचे काम उरकले की बेलाशक दुसरी छपाई काढा, पाचशे कशाला, दोन हजार जोड काढा, या मंडळींना दुसरीकडे पान मिळाले नाही की मुकाट्याने घेतील. राखणदाराचे पान तसूभर बदलू नका.

आणि हेही लिहिले, की इथला बुधवंत माझ्या मागे लागला आहे, भीड घालून माझ्याकडून उलटे काही लिहवून घेईल. तेव्हा उद्या मी स्वतः छपाई थांबवा असे कळवले, तरी ते माझे समजू नका.

पत्र चिकटवले आणि चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलो. शेटचे उत्तर यांच्या तोंडावर वाचून दाखवायचे म्हणून मी मागे राहतो आहे; परशू परत येईपर्यंत इथेच अडकलो, दुसरी गाडी नाही. उजव्या डोळ्यात भाताचे कुसळ गेलेसे वाटते, तुळजाक्काने तांदळाच्या धुवणाने डोळा धुऊन दिला.

९ डिसेंबर

मारुतीचे हात मोडायला हवेत. रिकामा बसलो होतो म्हणून दहाही जोडांतली राखणदाराची पाने काढून उन्हात एका ओळीत मांडली. एकाच दगडाचा छाप म्हणजे पहिले पान आणि पाचशेवे पान सारखे, शाई फार तर फिकी-गडद होईल. इथे दहा पानांत बुबुळे दहा ठिकाणी. डावीकडच्या पानातली उजवीकडे वळलेली, उजवीकडच्यातली डावीकडे, मधल्या दोन पानांतली सरळ.

कागद ओला असताना दाबला, ताणला गेला, बुबुळे सरकली. दुसरे कारण नाही. गाढवाला सतरांदा सांगितले होते की कागद सुकू दे.

मी ओसरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो. तिथून पाहिले. मग उठून सगळी पाने गोळा केली आणि पोत्याखाली घातली. कारण लिहायची गरज नाही. मारुतीला मी सोडणार नाही.

कुसळ निघालेले नाही. बारीक काळा ठिपका दिसतो आहे, जिथे पाहावे तिथे बरोबर मधोमध. आता डाव्या डोळ्यातही.

१० डिसेंबर

ठिपका वाढला आहे. काल मोहरीएवढा होता, आज मिरीएवढा. तुळजाक्काचे तोंड पाहायला गेलो तर तिचे नाक दिसत नाही, कान दिसतात. या पानावर लिहितानाही जो शब्द लिहितो तोच दिसत नाही, आजूबाजूचे दिसतात. चुलीचा धूर. या घरांना धुराडे करायची अक्कल नाही. मी तसे येसाजीला सुनावले. त्याने ऐकून घेतले.

तुळजाक्का नाचणी निवडत होती. निवडता निवडता तिने विचारले, जुन्या पानात डोळे नव्हतेच, तर मी काढले ते कशावरून काढले. आणि मग, ओसरीवरच्या माझ्या आरशाकडे पाहून, "तवा आरशात कोन हुतं?"

मी तिच्यावर ओरडलो. बाईमाणसावर असे ओरडायला नको होते, पण ओरडलो.

दगडावर चित्र उलटे काढावे लागते, म्हणजे कागदावर सुलटे उमटते. म्हणून आम्ही नकलेचे पान आरशासमोर उभे करतो आणि आरशात पाहून काढतो. सगळी सत्तेचाळीस चित्रे आणि अठ्ठेचाळिसाव्यातला म्हातारा, झाड, काठी, कांबळे, सारे जुन्या पानावरून. डोळ्यांना मात्र नक्कल करायला तिथे काही नव्हते. आरसा समोर होताच. पान बाजूला केले, आरशात तोंड घातले आणि माझे स्वतःचे डोळे पाहून दगडावर काढले. उत्तम उतरले. मारुती उगाच जिवंत म्हणाला नव्हता.

आरसा होता, पण त्याच्यापुढे राखणदार नव्हता. मी होतो.

यात काही अर्थ नाही. चितारी रोज आपली बोटे, आपले कान, आपले गुडघे पाहून चित्रे काढतात. बाप असता तर त्याला विचारले असते.

१२ डिसेंबर

आज तिकडे दिल्लीत दरबार. इकडे मी खरवडणी परजून बसलो. दगडावरची चूक आम्ही खरवडून काढतो, मग कागदावरची का नाही. ठिपका आता रुपयाएवढा. मान वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहावे लागते. तसे पाहत दहाही पानांतली बुबुळे एकेक खरवडली. कागद फाटला तिथे फाटू दिला. दर वेळी असे वाटे की आता बघतो कसा, आता बघ म्हणावे.

दुपारपर्यंत दहा पाने आंधळी केली. ठिपका होता तेवढाच राहिला.

मग कळले, आणि इतका संताप आला की खरवडणी अंगणात भिरकावली. कागद खरवडून काय होते. डोळे दगडावर आहेत. दगड बेळगावात आहे, आणि पाचशे जोड घराघरांत आहेत, त्या सगळ्यांत मी— त्यांत माझे—

वाळूने दगड घासला की चित्र जाते. अर्ध्या तासाचे काम. परशू आला की त्याच पावली निघायचे. डोळे गेले तर मी कोण. भिंतीला टेकून बसणारा माणूस. भाकरी कोणी वाढली तर खाणारा.

१४ डिसेंबर

परशू आला, शेटचे उत्तर घेऊन. इथे वाचता येणारा दुसरा कोणी नाही. मान तिरकी करून एकेक अक्षर कोपऱ्यातून वाचले, त्यात सकाळ गेली.

शेट फार खूश आहे. दरबाराचे काम संपले, हातदाब मोकळा झाला. दोन हजार जोड काढायचे ठरले. १६ तारखेला सकाळी सुरुवात, आणि पहिला दगड राखणदाराचा, कारण ते पान सर्वांत सरस उतरले आहे. खाली लिहिले आहे, तुम्ही सांगितल्याप्रमाणे, मागाहून काही उलटसुलट आले तरी मनावर घेणार नाही.

परवा. गाडीने लोंढ्यालाच दोन दिवस, आणि परशूचे थकलेले बैल आज-उद्या हलणार नाहीत.

येसाजीला सांगितले. मला वाटले होते, आता हा म्हणेल, मी बोललो नव्हतो? मी भांडायला तयार होतो. त्याने झिलूला हाक मारली, लोंढा स्टेशनातून तार करायला सांगितले. मजकूर मी सांगितला, छपाई थांबवा, दगड घासा. झिलू आडवाटेने पळत गेला. चांगला पळतो. उद्या पोचेल.

पण तार वाचून शेट हसेल. माझेच शब्द आहेत. भीड घातली असेल म्हणेल. मीच लिहिले— मीच चिकटवले— त्या दिवशी पोटभर जेवलो.

येसाजी आता माझ्याशी हळू बोलतो. त्याने असे हळू बोलू नये.

१५ डिसेंबर

मधले काही दिसत नाही. कडा दिसतात. वहीची कड. खांबाची कड. ओळी एकमेकींवर जात असतील, जाऊ देत.

आरसा घेतला. मान वळवून वळवून कोपऱ्यातून पाहिले. कपाळ. मिशी. मग डोळे. पांढऱ्या दोन फटी. काळे नाही. बोटाने चाचपले, दुखत नाही. जुन्या छापात आहेत तशा. हुबेहूब. नक्कल चांगली उतरली आहे—

आरसा फोडला. तुळजाक्काने काचा वेचल्या.

बाहेर पाने लावत आहेत. जुना जोड. ऐकू येते. येसाजी म्हणाला, पहिल्याच पानाला राखण बसली. लोक हसले. किती दिवसांनी हसले असतील. मला त्यांचा इतका राग येतो आहे. माझे डोळे घेऊन हे हसतात.

सकाळी हे सगळे जुने वाटेल, परशू बैल जुंपेल, मी जाईन. बेळगावात जाऊन हाताने घासेन. हाताला दगड कळतो. डोळे लागत नाहीत त्याला.

१६ डिसेंबर, सकाळ असावी

थंडी आहे. कोणी खांद्यावर कांबळे घातले. तुळजाक्का असेल. परशूची गाडी— विचारले. येसाजी म्हणाला, "बसा हो मामा. कुटं जाताव?" मामा म्हणाला, म्हाताऱ्याला म्हणावे तसे. कालपर्यंत चितारी म्हणत होते.

ओसरी नव्हे ही. पाठीला झाडाची साल लागते. चालायला काठी दिली होती ती मांडीवर आहे. आडवी. मी ठेवली नाही. उचलून फेकायला हवी. उचलत नाही. हाताला पटते तशीच.

पायांशी काहीतरी ठेवले. चाचपले. नारळ. तांदूळ. उचला म्हणून ओरडलो. कोणी उचलत नाही. पावले येतात, थांबतात, जातात. चपला काढून येतात. मी चितारी आहे— पुंडलिक— बेळगावचा— मी कोणाची राखण करणार नाही— ऐका रे—

डोळ्यांवर गार लागले.

ओले. ओले फडके फिरवल्यासारखे, या टोकाकडून त्या टोकाकडे. पुसले, पाणी नाही. हात कोरडा.

ओळखतो मी हे. आधी दगड ओला करतात. मग

रूळ. डावीकडून आला. काळा. कडाही गेल्या. परत फिरला. कडा थोड्या आल्या. मग दाब, कपाळापासून हनुवटीपर्यंत, दात वाजले. मग कागद सुटल्याचे— कातडे ओढल्यासारखे—

एक पान.

शेटने तार हसून ठेवली. मारुती, थांब. मारुती तू तरी बघ ना, तू म्हणाला होतास जिवंत— बघ त्याच्याकडे— दगडाकडे बघ गाढवा—

गार.

रूळ. कडा या वेळी कमी आल्या. दाब.

दोन हजार म्हणून मीच लिहिले. पाचशे कशाला म्हणून मीच. आता कोण तरी जवळ बसले आहे, विचारते आहे काही, सोयरीकीचे, मी त्याला सांगतो की माझे डोळे गेले रे आधी ते— तो म्हणतो राखण बसली, चला, आणि उठतो, सगळे उठतात, मला इथे एकट्याला—

गार. ओले. आता रूळ येईल डावीकडून, तो यायच्या आत एवढे लिहितो, शेटला कोणीतरी सांगा की दगड घासा, वाळूने घासा, माझे नाव सांगा, मी स्वतः म्हणतो आहे, भीड नाही, मी स्वतः